फुंकर मारली, आकडा आला. पण तो आकडा कोर्टात टिकतो कधी?

३१ डिसेंबरच्या रात्री शिर्डीचं साईमंदिर दर्शनासाठी रात्रभर उघडं असतं. नगर-मनमाड रस्त्यावर गाड्यांची रीघ लागलेली असते आणि जागोजागी नाकाबंदी असते. काच खाली घ्यायची, पोलीस पुढे करतात त्या मशीनच्या नळीत जोरात फुंकायचं आणि स्क्रीनवर आकडा येईपर्यंत थांबायचं. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात ‘इतक्या तळीरामांवर कारवाई’ अशी बातमी येते आणि विषय तिथेच संपतो.

खरा प्रश्न मात्र तिथूनच सुरू होतो. तो आकडा आला कुठून? रक्ताचा थेंबही न घेता मशीनला रक्तातली दारू कळते कशी? आणि उद्या एखाद्या अपघातात कोणाचा जीव गेला, तर त्या आकड्याला पुरावा म्हणून किती वजन असतं?

हे प्रश्न आता विचारण्याला कारण आहे. २०२४ च्या मध्यावर केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ब्रेथ ॲनालायझरसाठी नियमांचा मसुदा काढला. तराजू, वजनं, पेट्रोल पंप यांची पडताळणी जो वैधमापन कायदा करतो, त्याच कायद्याखाली पुरावा म्हणून वापरायची ही यंत्रंही आणावीत, दरवर्षी तपासून त्यांच्यावर शिक्का मारावा, असा तो प्रस्ताव. म्हणजे ज्या मशीनच्या आकड्यावरून माणूस कोर्टात उभा राहतो, त्याच्यासाठी निदान भाजीवाल्याच्या काट्याइतकी तरी शिस्त असावी, हे सरकारलाही पटलं होतं. अहिल्यानगरसारख्या लांबरुंद जिल्ह्यात ही शिस्त शहरापेक्षाही जास्त का लागते, ते पुढे पाहू. आधी मशीनच्या आत काय चालतं ते समजून घेऊ.

मशीन मोजतं श्वास, कायदा विचारतो रक्त

मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ सांगतं की १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असताना गाडी चालवणं हा गुन्हा आहे. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा तोच गुन्हा केला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५ हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हेल्मेटच्या चलनासारखा हा दंड जागेवर भरून सुटता येत नाही, प्रकरण कोर्टात जातं.

मर्यादा रक्ताची आहे आणि मशीन श्वास मोजतं. या दोघांना जोडणारा पूल म्हणजे एक आकडा: २१००.

दारू पोटातून आणि लहान आतड्यातून रक्तात जाते. रक्त फुप्फुसात पोहोचतं तेव्हा वायुकोशांच्या अतिशय पातळ भिंतीतून थोडं अल्कोहोल हवेत उतरतं. झाकण लावलेल्या भांड्यात स्पिरिट ठेवलं की वरच्या हवेत त्याची वाफ ठराविक प्रमाणातच साठते, तसंच हे. ठराविक तापमानाला द्रवात किती आणि वरच्या हवेत किती, याचं प्रमाण बांधलेलं असतं. हेन्रीचा नियम तो हाच. माणसाच्या बाबतीत ढोबळ हिशेब असा धरतात की १ मिलिलिटर रक्तात जेवढं अल्कोहोल असतं, तेवढंच खोल श्वासातल्या २१०० मिलिलिटर हवेत असतं.

आता गणित करून बघा. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे १ मिलिलिटरमध्ये ०.३ मिलिग्रॅम. तेवढंच २.१ लिटर श्वासात. म्हणजे एक लिटर श्वासात सुमारे ०.१४ मिलिग्रॅम. मशीन आतमध्ये जेमतेम एक मिलिलिटर हवा ओढून घेतं असं धरलं, तर त्यात असलेलं अल्कोहोल साखरेच्या एका दाण्याचा काही हजारावा भाग. साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात हीच उपमा बरी.

हे २१०० प्रत्येक माणसाला तंतोतंत लागू पडत नाही. कोणाचं प्रमाण जास्त, कोणाचं कमी. एकाच माणसाचंही श्वासाच्या तापमानाप्रमाणे बदलतं. ताप असेल तर रीडिंग थोडं वर जातं. श्वास बराच वेळ रोखून मग फुंकलं तरी वर जातं, भराभरा श्वास घेऊन फुंकलं तर खाली येतं. बहुतेक माणसांचं खरं प्रमाण २१०० पेक्षा थोडं जास्त असतं. त्यामुळे मशीन सहसा रक्तापेक्षा किंचित कमीच आकडा दाखवतं, म्हणजे चालकाच्या बाजूने झुकतं. तरीही हे लक्षात ठेवायला हवं की स्क्रीनवर दिसतो तो रक्तातल्या दारूचा श्वासावरून काढलेला अंदाज असतो.

आत नेमकं काय घडतं?

श्वासात दारू सापडते हे दीडशे वर्षांपूर्वीच माहीत झालं होतं. ती मोजायचं व्यवहारात चालणारं यंत्र अमेरिकेत रोला हार्गर यांनी १९३० च्या दशकात केलं. त्यात माणूस फुग्यात फुंकायचा आणि ती हवा रसायनातून सोडली जायची. १९५४ मध्ये रॉबर्ट बॉर्केनस्टाइन यांनी ब्रेथलायझर आणला. त्यात नारिंगी रंगाचं पोटॅशियम डायक्रोमेट असायचं. अल्कोहोलशी क्रिया झाली की ते हिरवं होत जातं, आणि रंग किती बदलला हे प्रकाशाच्या साहाय्याने मोजायचं. बारावीच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत हा रंगबदल अनेकांनी पाहिला असेल.

आज पोलिसांच्या हातात असलेल्या चांगल्या मशीनमध्ये रंग नसतो, फ्युएल सेल असतो. मराठीत इंधन घट. इलेक्ट्रॉनिक अल्कोहोलमापक म्हणून तो बाजारात आणण्याचं काम १९७० च्या दशकात वेल्समध्ये टॉम पॅरी जोन्स यांनी केलं. सच्छिद्र चकतीच्या दोन्ही बाजूंना प्लॅटिनमचा थर आणि मध्ये आम्लाचा द्राव, इतकीच त्याची रचना. श्वासातलं अल्कोहोल एका बाजूच्या प्लॅटिनमवर आलं की त्याचं ॲसिटिक आम्ल होतं, म्हणजे व्हिनेगरमध्ये असतं ते आम्ल. त्या क्रियेत इलेक्ट्रॉन सुटतात. ते तारेतून दुसऱ्या बाजूला जातात आणि तिथे ऑक्सिजनबरोबर मिळून पाणी तयार होतं. तारेतून गेलेली वीज मोजली की अल्कोहोल किती होतं ते कळतं. म्हणजे तुमच्या श्वासातली दारू हेच इंधन आणि मशीन ते जाळून वीज मोजतं.

नगरकरांना हे अगदीच परकं नाही. कोपरगाव तालुक्यात साकरवाडीला अल्कोहोलपासून औद्योगिक रसायनं बनवणारा मोठा कारखाना आहे. तिथे जे रसायनशास्त्र टाक्यांमध्ये, टनांच्या हिशेबाने चालतं, त्याच घराण्यातली एक क्रिया इथे बटणाएवढ्या चकतीवर होते.

बाजारात दुसऱ्या प्रकारचीही मशीन मिळतात. ऑनलाइन काही शे रुपयांत मिळणारी, किचेनला अडकवायची. त्यात बहुधा टिन ऑक्साइडचा अर्धवाहक सेन्सर असतो. त्याला अल्कोहोल कळतं, पण सिगारेटचा धूर, परफ्युम, मधुमेही रुग्णाच्या श्वासातलं ॲसिटोन यांनीही तो फसतो. फ्युएल सेल ॲसिटोनला जवळपास दाद देत नाही. म्हणून मधुमेही चालकांना ‘मशीन मला विनाकारण पकडेल’ ही जी भीती असते, ती चांगल्या मशीनच्या बाबतीत निराधार आहे. घरी घेतलेल्या स्वस्त मशीनवर शून्य आलं म्हणून गाडी काढणं मात्र धोक्याचं.

तिसरा प्रकार टेबलावर ठेवायचा. त्यात श्वासातून अवरक्त प्रकाश सोडतात आणि अल्कोहोलचा रेणू ठराविक लांबीच्या लहरी किती शोषतो ते पाहतात. युरोप-अमेरिकेत रस्त्यावर हातातलं मशीन आणि मग ठाण्यात हे मोठं मशीन, अशी दोन टप्प्यांची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. आपल्याकडे रस्त्यावरचं मशीन हेच बहुतेक वेळा पहिलं आणि शेवटचं.

केरळचा फणस आणि तोंडातली दारू

जुलै २०२५ मध्ये केरळच्या पंदळम एसटी डेपोत गंमत झाली. सकाळी ड्युटीवर जायच्या आधी चालकांची श्वासचाचणी घेतली तर दारूला न शिवलेल्या चालकांचाही आकडा शून्याच्या वर. शोध घेतल्यावर कळलं की कोणीतरी घरून पिकलेला फणस आणला होता आणि सगळ्यांनी गरे खाल्ले होते. मग आधी शून्य आलेल्या माणसाला गरे खायला दिले आणि पुन्हा फुंकायला लावलं, तर त्याचाही आकडा वर गेला.

मशीन खोटं बोललं नव्हतं. जास्त पिकलेल्या फणसात साखर आंबून थोडं अल्कोहोल तयार होतं आणि मशीनला तेच मिळालं. फरक एवढाच की ते अल्कोहोल तोंडात होतं, रक्तातून फुप्फुसात आलेलं नव्हतं. माउथवॉश, काही खोकल्याची औषधं, होमिओपॅथीचे थेंब, आयुर्वेदातली आसवं-अरिष्टं यांचंही तेच. नुकताच घोट घेतला असेल किंवा करपट ढेकर आली असेल, तरीही तेच.

यावरचा उपाय फुकट आहे: पंधरा मिनिटं थांबणं. काही खाऊ-पिऊ न देता, सिगारेट ओढू न देता पंधरा मिनिटं जाऊ दिली की तोंडातलं अल्कोहोल उडून जातं आणि लाळेबरोबर गिळलंही जातं. मग पुन्हा फुंकायला सांगायचं. पहिला आकडा ४० आणि पंधरा मिनिटांनी शून्य, तर ते तोंडातलं होतं. पहिला ८० आणि दुसरा ७८, तर ते रक्तातलं. चांगली मशीन श्वासाचा प्रवाह स्थिर होईपर्यंत थांबतात आणि शेवटची, खोल फुप्फुसातली हवाच घेतात, त्यामुळेही ही चूक कमी होते. पण दोन चाचण्यांमधलं अंतर हाच सगळ्यात भरवशाचा बचाव आहे. निर्दोष माणसाचा तर आहेच, पोलिसांच्या केसचाही आहे. एकाच फुंकरीवर उभी केलेली केस वकिलाच्या पहिल्या प्रश्नालाच डळमळते.

३० चा आकडा आणि मशीनची माफ चूक

इथे एक बारकी, पण महत्त्वाची गोष्ट आहे. कोणतंही मोजमाप शंभर टक्के अचूक नसतं. किराणा दुकानातल्या काट्यालाही काही ग्रॅमची चूक माफ असते. ब्रेथ ॲनालायझरसाठी वैधमापनाच्या ओआयएमएल या आंतरराष्ट्रीय संघटनेची ‘आर १२६’ नावाची शिफारस आहे. तिच्यानुसार नव्या मशीनला एक लिटर श्वासामागे ०.०२ मिलिग्रॅम आणि वापरात असलेल्याला ०.०३ मिलिग्रॅम इतकी चूक चालते. आकडे मोठे असतील तेव्हा ही सूट टक्केवारीत मोजतात.

भारताची मर्यादा श्वासात मोजली तर लिटरला सुमारे ०.१४ मिलिग्रॅम. त्यात ०.०३ ची चूक म्हणजे जवळपास पाचवा हिस्सा. रक्ताच्या भाषेत साधारण ६ मिलिग्रॅम. म्हणजे तपासलेल्या, चांगल्या मशीनवर ३३ आलं तर खरा आकडा २७ असू शकतो आणि ३९ ही असू शकतो. इंग्लंडमध्ये मर्यादा बरीच वर आहे, १०० मिलिलिटर श्वासात ३५ मायक्रोग्रॅम. तरीही तिथले पोलीस सहसा ४० पर्यंत खटला भरत नाहीत. मधली फट मशीनच्या चुकीसाठी सोडून दिलेली असते.

आपली मर्यादा कडक आहे आणि ती तशीच असावी. दारू कितीही थोडी असली तरी रात्रीच्या रस्त्यावर प्रतिक्रिया मंदावतेच. पण मर्यादा जितकी कडक, तितकं मोजमाप नेमकं लागतं. ३३ आणि २७ यांत फरक करायचा असेल तर मशीन नियमित तपासलेलं हवं. फ्युएल सेल म्हातारा होतो, त्यातला द्राव सुकत जातो आणि आकडा हळूहळू सरकतो. माहीत असलेल्या प्रमाणाचा अल्कोहोल-वायू मशीनमध्ये सोडून आकडा जुळतो का ते पाहायचं आणि नसेल तर जुळवायचं, याला कॅलिब्रेशन म्हणतात. ते शेवटचं कधी झालं याची नोंद नसेल तर जास्त आलेला आकडा निरपराध्याला अडकवतो आणि कमी आलेला आकडा दोषी माणसाला सोडून देतो. दुसरी चूक तर कोणाच्या लक्षातही येत नाही, कारण ‘निगेटिव्ह’ आलेला चालक तक्रार करत नाही.

२०२४ च्या मसुद्याचं महत्त्व इथे आहे. दरवर्षी पडताळणी, मोजमाप पूर्ण झाल्यावरच अंतिम आकडा दाखवणं, निकालाची छापील नोंद, या त्यातल्या गोष्टी. दिसायला कारकुनी वाटतात, पण खटला याच कागदांवर उभा राहतो किंवा पडतो.

घड्याळ: पुणे आणि वरळी

मशीन कितीही चांगलं असलं तरी एक गोष्ट त्याच्या हातात नसते, ती म्हणजे वेळ. यकृत रक्तातली दारू साधारण ठरलेल्या गतीने साफ करतं. १०० मिलिलिटरमागे तासाला अंदाजे १५ मिलिग्रॅम, कोणाचं १० तर कोणाचं २०. काळी कॉफी, लिंबूपाणी किंवा अंगावर थंड पाणी, यांनी ही गती वाढत नाही.

१९ मे २०२४ ला पुण्यात कल्याणीनगरमध्ये पोर्श गाडीच्या धडकेत दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. अपघात पहाटे अडीचच्या सुमाराला झाला आणि गाडी चालवल्याचा आरोप असलेल्या अल्पवयीन मुलाचं रक्त ससून रुग्णालयात सकाळी अकराच्या सुमाराला घेतलं गेलं. पुढे तो नमुना बदलल्याच्या आरोपावरून ससूनच्या दोन डॉक्टरांना अटक झाली. दुसऱ्या रुग्णालयात घेतलेल्या रक्ताशी डीएनए जुळेना, तेव्हा हे उघड झालं. सगळा राग नमुना बदलण्यावर निघाला आणि तो बरोबरच होता. पण साडेआठ तासांच्या उशिराकडेही पाहा. तासाला १५ प्रमाणे साडेआठ तासांत सुमारे १२७ मिलिग्रॅम उतरतात. पहाटे अडीचला कोणाच्याही रक्तात १५० मिलिग्रॅम, म्हणजे मर्यादेच्या पाचपट दारू असती, तरी अकरा वाजता ती २०-२५ वर आली असती. म्हणजे कायदेशीर मर्यादेच्या आत. नमुना अगदी प्रामाणिकपणे घेतला आणि तपासला असता तरी त्यातून काही निघेलच याची खात्री नव्हती.

त्याच वर्षी ७ जुलैला वरळीत गाडीखाली फरफटत नेल्याने एका महिलेचा मृत्यू झाला. आरोपी दोन दिवसांनी हाती लागला. दोन दिवसांनंतरच्या रक्तात दारू शोधणं म्हणजे पूर ओसरून गेल्यावर नदीकाठी पाणीपातळी मोजायला जाण्यासारखं आहे.

कायद्याला हे घड्याळ माहीत आहे. कलम २०३ म्हणतं की श्वासचाचणी गुन्ह्यानंतर शक्य तितक्या लवकर व्हायला हवी. दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल अटक झाली तर दोन तासांत वैद्यकीय तपासणी करायची, नाहीतर सोडून द्यायचं, असं कलम २०२ मध्ये आहे. श्वासचाचणीत दारू दिसली किंवा चालकाने फुंकायला नकार दिला तर डॉक्टरकडून रक्त घेता येतं, हे कलम २०४. आणि सबळ कारणाशिवाय नकार दिला तर तो नकारच आरोपीविरुद्ध धरता येतो, हे कलम २०५.

केवळ वासावर भागत नाही, हेही जुनंच आहे. १९७१ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका अपघाताच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की तोंडाला वास, चालताना झोकांड्या, बरळणं इतक्यावरून दारूचा गुन्हा सिद्ध होत नाही. आकडा लागतो, आणि तो वेळेत लागतो.

नगरसारख्या जिल्ह्यात हे जास्त का लागू पडतं?

क्षेत्रफळाने अहिल्यानगर हा राज्यातला सगळ्यात मोठा जिल्हा. चौदा तालुके. मे-जूनमध्ये काजवे पाहायला मुंबई, पुणे, नाशिकहून गाड्या भरभरून अकोले तालुक्यात भंडारदऱ्याला येतात. पाहायचं असतं ते सगळं अंधार पडल्यावर, आणि परतीचा प्रवास रात्रीचा, घाटातला. भंडारदरा ते नगर शहर दीडशे किलोमीटरच्या आसपास. तिकडे कोपरगाव तालुक्यातून समृद्धी महामार्ग जातो, इकडे नगर-पुणे, नगर-मनमाड आणि माळशेजकडे जाणारा कल्याण रस्ता रात्रभर जागा असतो.

अशा ठिकाणी रात्री दोनला अपघात झाला तर काय काय जुळावं लागतं? पोलीस पोहोचायला हवेत. जखमींना आधी हलवायला हवं. चालकाला ग्रामीण रुग्णालयात न्यायला हवं, तिथे डॉक्टर हजर हवा. रक्त सोडियम फ्लोराइड घातलेल्या बाटलीत घ्यायला हवं, नाहीतर नमुना आंबून त्यातच अल्कोहोल तयार होऊ शकतं. सुई टोचण्याआधी त्वचा स्पिरिटने पुसायची नाही, ही आणखी एक अट. मग सील, लेबल, आणि नाशिक किंवा पुण्यासारख्या ठिकाणच्या न्यायसहायक प्रयोगशाळेपर्यंतचा प्रवास. यातली एक कडी निसटली की पुरावा गेला, आणि प्रत्येक कडीला वेळ लागतो.

श्वासाचं मशीन या सगळ्याच्या आधी तिथे पोहोचू शकतं. ते गाडीच्या डिकीत मावतं, पाच मिनिटांत आकडा देतं, वेळ छापतं, आणि मशीनमध्ये गेलेला श्वास रुग्णालयात जाऊन बदलता येत नाही. म्हणून शहरात मशीन हे रक्तचाचणीआधीची पायरी असेल, पण खेड्यापाड्यांतल्या रस्त्यावर ते बऱ्याचदा वेळेवर पोहोचणारा एकमेव साक्षीदार असतं. साक्षीदार एकच असेल तर त्याची विश्वासार्हता जपावीच लागते. ३१ डिसेंबरच्या नाकाबंदीला मशीन बाहेर काढणं सोपं आहे. फेब्रुवारीतल्या एखाद्या साध्या मंगळवारी, राजूर किंवा जामखेडच्या ठाण्यात, तेच मशीन चार्ज केलेलं, कॅलिब्रेट केलेलं आणि नळ्यांच्या साठ्यासह तयार आहे का, यावर खरी परीक्षा आहे.

२०१९ च्या दुरुस्तीने कलम १८५ मध्ये श्वासचाचणीबरोबर प्रयोगशाळेतल्या चाचणीचाही उल्लेख आला. त्याआधी मजकुरात फक्त ब्रेथ ॲनालायझर होता आणि त्या शब्दावर अनेक केसेस अडत. आता रक्ताचा दरवाजा उघडला आहे. पण त्यामुळे ‘रक्त घेऊ की नंतर’ असा आळस आला तर दुरुस्तीचा उपयोग उलटा होईल. आधी श्वास, लगेच. मग रक्त, दोन तासांच्या आत. हा क्रम सुटला की सगळं सुटलं.

जे मशीनला कळत नाही

फेब्रुवारी २०१७ मध्ये, जिल्हा परिषदेच्या निवडणुकीच्या तोंडावर, नगर तालुक्यातल्या पांगरमलमध्ये पार्टीत विषारी दारू पिऊन अनेकांचा जीव गेला. तपासात त्या दारूचा धागा थेट जिल्हा रुग्णालयाच्या आवारातल्या कॅन्टीनपर्यंत पोहोचला, म्हणून ते प्रकरण राज्यभर गाजलं. विषारी दारूत मारक ठरतं ते बहुधा मिथेनॉल. शरीरात त्याचं फॉर्मिक आम्ल होतं, दृष्टी जाते, जीवही जातो.

ब्रेथ ॲनालायझरला मिथेनॉल आणि पिण्याच्या दारूतलं इथेनॉल वेगळं ओळखता येत नाही. साध्या फ्युएल सेलवर दोन्ही जळतात आणि स्क्रीनवर फक्त एक आकडा येतो. म्हणून कोणी अंधुक दिसतंय, डोळ्यांपुढे पांढरं येतंय, पोटात कळ येतेय असं सांगत असेल, तर मशीनचा आकडा पाहून ‘नेहमीचा बेवडा आहे, उतरेल’ म्हणणं जिवावर बेतू शकतं. त्याला लगेच रुग्णालयात न्यायचं. कोणतं अल्कोहोल ते प्रयोगशाळेतलं गॅस क्रोमॅटोग्राफ सांगेल. गांजा किंवा झोपेच्या गोळ्याही या मशीनला दिसत नाहीत, जरी त्यांच्या अमलाखाली गाडी चालवणं याच कलमाखाली गुन्हा असलं तरी.

तुमच्यासमोर मशीन आलं तर

फुंकायला नकार देऊ नका, तो तुमच्यावरच उलटतो. नळी नवी, पाकिटातून काढलेली असावी, हे सांगायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. माउथवॉश, औषध किंवा फणस, काही नुकतंच तोंडात गेलं असेल तर आधीच सांगा आणि पंधरा मिनिटांनी दुसरी चाचणी मागा. मशीन फुंकण्याआधी शून्य दाखवतंय का ते बघा. सॅनिटायझर लावलेला हात नळीजवळ नको. छापील पावती मागा, तिच्यावरची वेळ पाहा. आकडा पटत नसेल तर रक्तचाचणीची मागणी करा, पण ती लगेच करा. दुसऱ्या दिवशी वकिलाकडे जाऊन केलेल्या मागणीला काही अर्थ उरत नाही.

अपघातात तुमचा माणूस जखमी झाला असेल तर दुःखात ही गोष्ट सुचत नाही, पण सोबतच्या कोणीतरी पोलिसांना एवढं विचारावं: समोरच्या चालकाची श्वासचाचणी झाली का, किती वाजता झाली, आणि पंचनाम्यात ती लिहिली का? सकाळपर्यंत थांबलात तर या प्रश्नाचं उत्तर काहीही असलं तरी उपयोगाचं राहत नाही.